पेव

मिरजेच्या डॉ. मुजावरांनी एकेचाळिसाव्या वर्षी
मला कागदावर लिहून दिलं, माझं काय आहे ते.
इंग्रजी चार अक्षरं.
कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला, जिना उतरले,
स्कूटरची किल्ली वर त्यांच्या टेबलावरच राहिली.

आई म्हणाली, म्हणजे धांदरट.
हेच मी इतकी वर्षं फुकट सांगत होते.

रोज रात्री नऊला मी फोनवर लिहिते, पंधरा-वीस ओळी.
भडंगातल्या करपलेल्या लसणीवर,
सौद्याच्या रुमालाखाली बोटं काय बोलतात त्यावर,
काहीही.
नऊला पाच कमी असताना डोकं पेटतं
शेगडीसारखं, एका काडीत.
नऊ वाजून दोन मिनिटांनी कुपवाडहून एक बदाम येतो,
मग जतहून, मग कुठून कुठून.
मी मोजत बसते. आमटीवर साय धरते.

पुस्तकाला नऊ वाजत नाहीत.
तीन वर्षं झाली. हरिपूरच्या पेवांवरचं पुस्तक,
जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं निजलेल्या हळदीचं.
कुलगुडेबाईंनी आगाऊ दिलेल्या पैशांचा फ्रीज आला,
फ्रीजवर त्यांचीच चिठ्ठी: प्रकरण पाच?
मी बसते. ट्यूबलाइट गुणगुणते,
घरात फक्त मला ऐकू येते.
'हळद' एवढं लिहून होतं
आणि दीड वाजता मी वाचत असते
मुंग्या रस्ता कसा लक्षात ठेवतात.

इलाहीचाचा शिकलगार पेवात उतरायचे, तरुणपणी.
म्हणाले, झाकण काढलं की लगेच उडी नाही घ्यायची, पोरी.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर आतली हवा मेलीय.
थांबायचं. लांब जाऊन बिडी ओढायची.
परत सोडायचा.
कधीकधी अख्खा दिवस एका पेवापाशी.
मालक कावायचा,
पण मालक थोडाच उतरणार होता?

हे मी त्याच रात्री नऊला लिहून टाकलं.
सहाशे बदाम.
आणि पाचवं प्रकरण गेलं.
बसले की डोकं म्हणतं, सांगून झालंय की, आता काय?
छटाक छटाक पुड्या बांधून वाटल्या मी,
पोतं झटकलं तर हाताला फक्त रंग.

मग नऊचं बंद केलं. सोळा दिवस.
सोळा दिवसांत पुस्तकाची एक ओळ नाही.
मसाल्याच्या डब्यांना नावं चिकटवली,
जिऱ्याच्या डब्यावर ओवा.
काडीच नाही घरात, तर कंदील कशानं लावायचा?

वाचनालयात एक गृहस्थ माझ्याकडे बघत, मोठ्यानं,
हल्ली लिहिणाऱ्यांचं नुसतं पेव फुटलंय.
चाचांना सांगितलं. ते खोकेपर्यंत हसले.
पेव कुठं फुटतं का गं!
पुराचं पाणी शिरलं तर कुजतं.
नाहीतर गप असतं,
वरनं माणसं बाजाराला जातात.

आता नऊला मी लिहिते, पण हळद सोडून.
स्टँडवरच्या भोंग्यावर लिहिते,
शेजारच्या बेडगेंच्या मांजरावर लिहिते.
कुपवाड विचारतं, ताई, पेवांचं काय झालं?
मी त्यांना उलट एक बदाम पाठवते.
नऊ वीसला, डोकं अजून गरम आहे तोवर,
फोन पिठाच्या डब्यात
आणि एक वाक्य खाली सोडते, दोरीनं, हळूहळू.

वहीत नोंद ठेवते, तारखेसह:
विझला.
विझला.
फोन शोधत बसले.
विझला.
वहीच सापडली नाही (हे दुसऱ्या दिवशी लिहिलंय).
विझला, पण उशिरा.

मंगळवारची नोंद नाही.
मंगळवारी मी खाली होते.